राजाच्या हातातला गोळा

गेल्या मार्गशीर्षात आमच्या गावच्या वाचनालयाच्या वार्षिकोत्सवात जे घडले ते इतके किरकोळ होते की, त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न त्या वेळी हजर असलेल्या मंडळींना पडल्यावाचून राहणार नाही. अध्यक्षस्थानी एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक होते. बक्षिसे वाटून झाल्यावर त्यांनी मुलांना कोलंबसाची गोष्ट सांगितली, आणि सांगण्याची त्यांची हातोटी अशी की, मागच्या सतरंजीवर शेंगदाण्याच्या पुड्यांत गुंतलेली पोरेही हळूहळू पुढे सरकली. सारा युरोप पृथ्वीला ताटासारखी सपाट समजत होता; सालामांका येथे जमलेल्या धर्मपंडितांनी ‘ताटाच्या काठावरून गलबत खाली कोसळेल’ असे म्हणून त्या एकट्या द्रष्ट्याला वेड्यात काढले; समुद्रात खलाशी त्याच भयाने थरथर कापत होते; आणि अखेर १४९२ साली त्याने पृथ्वी गोल असल्याचे सिद्ध करून साऱ्यांची तोंडे बंद केली, असा त्या कथेचा मथितार्थ होता. टाळ्या झाल्या. तेवढ्यात पाचवी-सहावीतला एक मुलगा उठला, नुकत्याच मिळालेल्या सचित्र पुस्तकाच्या एका पानावर बोट ठेवून म्हणाला, “सर, हा राजा कोलंबसाच्या आधीचा आहे असं खाली लिहिलंय. मग त्याच्या हातात हा गोळा कशाचा?” सभेत हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, “बाळ, चेंडू असेल तो. राजालाही खेळावंसं वाटतंच की!” पुन्हा हशा झाला, आणि मुलगा खाली बसला.

चहाच्या वेळी मी अध्यक्षमहाशयांजवळ माझी शंका विनयपूर्वक मांडली, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचे चार पानी पत्र आले. पत्र सौजन्याने ओथंबलेले आहे. त्यातला पूर्वपक्ष तीन कलमांत सांगता येतो. पहिले कलम असे की, मध्ययुगीन युरोपची बुद्धी धर्मपीठाच्या पायाशी गहाण पडलेली असल्यामुळे तेथील विद्वानही पृथ्वी सपाटच मानत. दुसरे असे की, सालामांका येथील वाद आणि खलाशांचे भय या गोष्टी पुस्तकांतून नमूद आहेत. तिसरे, आणि त्यांच्या मते निर्णायक, असे की, कथेत तपशिलाचा थोडाफार दोष असला तरी ती मुलांच्या मनात धैर्याचे बीज पेरते, उलट ‘राजाच्या हातात गोळा कशाचा’ यांसारखे चमत्कारिक प्रश्न हा इतिहासाच्या अंगणातला पालापाचोळा असून शहाण्या शिक्षकाने तो झाडून टाकावा हेच बरे. पहिल्या दोन कलमांना उत्तर देणे सोपे आहे. तिसरे कलम मात्र माझ्या मनाला लागले, कारण त्यात एका कथेचा नव्हे तर इतिहास कशाला शिकावा याचाच निवाडा करून टाकला आहे.

प्रथम गोळ्याचेच पाहू. क्रूस लावलेला सोन्याचा गोळा हे युरोपातील सम्राटांचे राजचिन्ह होते. जर्मन सम्राटांचा असा एक गोळा व्हिएन्नाच्या राजवाड्यातील खजिन्यात आजही पाहावयास मिळतो, आणि तो इ. स. १२०० च्या सुमाराचा, म्हणजे कोलंबसाच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधीचा आहे. हा गोळा केवळ पृथ्वीचे प्रतीक नसून अखिल विश्वगोलाचे आहे असा पक्ष मांडता येतो, आणि तो मला मान्य आहे. म्हणून एवढ्या एका पुराव्यावर मी इमारत उभारणार नाही. परंतु जे लोक विश्वाचे आधिपत्य सुचवण्यासाठी राजाच्या हाती ताट न देता गोळा देतात, त्यांच्या डोक्यात पृथ्वीचे ताट होते असे खुशाल ठरवण्यापूर्वी आपण क्षणभर थबकावे, इतके त्या मुलाच्या प्रश्नाने निश्चित साधले होते; आणि चार पानी पत्राला ते साधलेले नाही.

आता विद्वानांची साक्ष. ग्रहणात चंद्रावर पडणारी पृथ्वीची छाया नेहमी वर्तुळाकार असते आणि उत्तर-दक्षिण प्रवास केला असता वेगळे तारे दृष्टीस पडतात, ही प्रमाणे ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच मांडली होती. पुढच्या शतकात एराटोस्थेनिसने सायीनी आणि अलेक्झांड्रिया या दोन नगरांतील मध्यान्हीच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परिघही काढला होता. हे ज्ञान रोमच्या पाडावाबरोबर बुडाले असे अध्यक्षमहाशय गृहीत धरतात. परंतु इंग्लंडच्या उत्तर टोकाला जॅरोच्या मठात बसून, ज्याला ग्रीक गणिताचा फारसा सहवास घडला नव्हता असा बीड नावाचा संन्यासी ७२५ साली कालगणनेवर ग्रंथ लिहितो आणि दिवस लहानमोठे का होतात हे समजावताना, पृथ्वी ढालीसारखी वाटोळी नसून चेंडूसारखी सर्व बाजूंनी गोल आहे, असे मुद्दाम बजावतो. वाटोळी आणि गोल यांतला भेद विद्यार्थ्याच्या ध्यानात यावा म्हणून ढाल आणि चेंडू हे दोन दृष्टांत शेजारीशेजारी ठेवणाऱ्या या गुरुजींना, सुमारे तेरा शतकांनंतर आपल्या गावच्या सभेत सपाट पृथ्वीचे उपासक म्हणून उभे केले जाणार आहे, याची कल्पना असती तर त्यांनी आणखी एखादा दृष्टांत जोडला असता.

तेराव्या शतकात सॅक्रोबॉस्को याने खगोलावर एक छोटेसे पाठ्यपुस्तक लिहिले, आणि युरोपच्या विद्यापीठांतून ते सुमारे चारशे वर्षे शिकवले गेले. त्यात एक उदाहरण आहे: किनाऱ्यावरील खूण सोडून गलबत दूर जाते, तेव्हा डोलकाठीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला ती खूण दिसेनाशी होते, पण डोलकाठीच्या टोकावर चढलेल्याला ती दिसतच राहते, मध्ये पाण्याचा फुगवटा नसता तर असे घडले नसते. आपल्या शाळांतून आजही हेच उदाहरण देतात. त्याच शतकातील थॉमस अक्वायनस हा तर धर्मशास्त्राचा मुकुटमणी. त्याच्या बृहद्ग्रंथाच्या अगदी पहिल्या प्रकरणात, एकच सिद्धांत दोन शास्त्रे दोन वेगवेगळ्या मार्गांनी सिद्ध करू शकतात असे सांगताना, त्याने उदाहरण घेतले आहे ते पृथ्वीच्या गोलत्वाचे: ज्योतिषी ते गणिताने दाखवतो, पदार्थवेत्ता द्रव्याच्या विचाराने. येथे तर्काचा एक साधा नियम लक्षात घ्यावा. उदाहरण नेहमी निर्विवाद वस्तूचे देतात. जे स्वतःच वादग्रस्त आहे त्याच्या आधाराने कोणी दुसरी गोष्ट समजावून देत नाही. गोलत्वाचे मंडन करणाऱ्या दहा पोथ्यांपेक्षा, ते जाता जाता दृष्टांतादाखल वापरणारी ही एक ओळ मला अधिक वजनदार वाटते.

आणि चमत्कारिक प्रश्नांचाच तिटकारा असेल तर अध्यक्षमहाशयांनी चौदाव्या शतकातील फ्रेंच बिशप निकोल ओरेम याच्याशी भांडावे. दोन माणसे एकाच जागेवरून निघाली, एक पूर्वेकडे व दुसरा पश्चिमेकडे पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले, तर त्यांनी मोजलेल्या दिवसांची संख्या सारखी येईल का, असा प्रश्न त्याने घातला होता, आणि पूर्वेचा प्रवासी एक दिवस अधिक मोजील, पश्चिमेचा एक दिवस कमी, असे उत्तरही काढले होते. हा प्रश्न ताटावर उभे राहून विचारताच येत नाही! पुढे १५२२ साली मॅगेलानच्या ताफ्यातील उरलेसुरले ‘व्हिक्टोरिया’ गलबत पश्चिमेकडून प्रदक्षिणा घालून केप व्हर्दे बेटांशी आले, तेव्हा गलबतावरच्या टिपणात बुधवार आणि किनाऱ्यावर गुरुवार असल्याचे पाहून मंडळी चकित झाली. गलबतावरचा टिपणकार पिगाफेट्टा रोजची नोंद चुकू न देणारा. आपली चूक कोठे झाली हे त्याला प्रथम कळेना. चूक कोठेच नव्हती. एका बिशपाच्या फावल्या वेळच्या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांनी समुद्रमार्गे येऊन पोहोचले होते, इतकेच.

दुसऱ्या कलमाकडे वळू. सालामांका येथे वाद झाला, हे खरे. राणी इसाबेलाने कोलंबसाची योजना तपासण्यासाठी तालावेरा याच्या अध्यक्षतेखाली मसलतीला मंडळ बसवले, ते काही वर्षे घोळत राहिले, आणि अखेर त्याने प्रतिकूल अभिप्राय दिला. त्याआधी पोर्तुगालच्या दरबारातील जाणकारांनीही नकारच दिला होता. परंतु वादाचा विषय पृथ्वीचा आकार नव्हता, आकारमान होते. कोलंबसाचा पुत्र फर्नांडो याने लिहिलेल्या चरित्रात विरोधकांचे आक्षेप दिले आहेत. त्यांतला एक असा की, पृथ्वी एवढी मोठी आहे की तीन वर्षांतही पूर्वेचे टोक गाठता येणार नाही. आणि दुसरा, मोठा गमतीचा, असा की, गोलाच्या उतारावरून गलबत खाली गेले तर कितीही जोराचा वारा असला तरी पुन्हा चढ चढून वर येणार नाही. आक्षेप हास्यास्पद आहे खरा. पण उताराची भीती वाटायला आधी गोल मान्य करावा लागतो, हे हसण्याच्या भरात विसरू नये.

मग कोलंबसाचे गणित कसे होते? नवव्या शतकातील अरब ज्योतिषी अल-फर्घानी याने एका अंशाची लांबी ५६⅔ मैल दिली होती. ते मैल अरबी, बरेच लांब. कोलंबसाने ते आखूड इटालियन मैल समजून हिशेब केला. एका गावच्या कोसाने मोजलेले शेत दुसऱ्या गावच्या कोसाने विकावे तशातला हा प्रकार. पृथ्वी अशी सुमारे एक चतुर्थांशाने आखडली. उलट आशियाची लांबी मात्र त्याने जुन्या ग्रंथांतून सापडेल तेवढी मोठी उचलली, आणि मार्को पोलोच्या आधाराने जपान चीनच्याही पुष्कळ पूर्वेला नेऊन ठेवले. या दोन्ही बाजूंच्या ओढाताणीत कानरी बेटांपासून जपानपर्यंतचे अंतर त्याच्या हिशेबी अवघे साडेचार हजार किलोमीटरांच्या आसपास उरले. वास्तविक ते वीस हजारांच्या घरात आहे. तेव्हा निष्कर्ष कितीही अप्रिय वाटला तरी तो असा आहे की, त्या वादात कोलंबस चुकीचा होता आणि ‘अडाणी’ पंडित बरोबर होते. मध्ये एक अख्खे खंड आडवे आले नसते तर ती तीन गलबते अन्नपाण्यावाचून समुद्रात संपली असती, आणि तालावेराच्या मंडळाचे शहाणपण आज कोणी नाकारले नसते. पुढे दरबाराने परवानगी दिली ती मत बदलले म्हणून नव्हे. ग्रानाडाचे युद्ध जिंकून हात मोकळे झाले होते, राजाच्या खजिन्याचा कारभार पाहणाऱ्या सांतान्खेलने जोखमीच्या मानाने खर्च थोडा असल्याचे पटवले, आणि १७ एप्रिल १४९२ रोजी करारनामा झाला. त्याची कलमे वाचावीत: दर्यासारंगाचा किताब, नव्या मुलखाची सुभेदारी, उत्पन्नाचा दहावा हिस्सा. पृथ्वीच्या आकाराविषयी त्यात चकार शब्द नाही.

राहता राहिले खलाशी. त्यांना भय वाटत होते हे निर्विवाद आहे, पण कशाचे? प्रवासाच्या रोजनिशीत सप्टेंबरच्या उत्तरार्धातील एक नोंद आहे. त्या दिवशी वारा उलट, म्हणजे पश्चिमेकडून वाहू लागला, आणि कोलंबसाला त्याने हायसे वाटले; कारण या समुद्रात स्पेनकडे परत नेणारा वारा कधी वाहतच नाही, असे म्हणून त्याची माणसे कुरकुरत होती. शिडाच्या गलबतावर जन्म घालवलेल्या माणसाचे हे भय आहे: पुढे कडा आहे म्हणून नव्हे, तर पाठीशी वारा आहे आणि परतीचा वारा नाही म्हणून. सतत पुण्याकडेच उतरणारा घाट असावा आणि परत यायला बैलांना चढ चढवणार नाही अशी शंका गाडीवानाला यावी, तितकी ती व्यवहारी आहे. अशा अनुभवी माणसांना काठावरून कोसळण्याची धास्ती चिकटवणे म्हणजे त्यांच्या धंद्यातले ज्ञान काढून घेऊन त्या जागी आपले अज्ञान भरणे होय.

मग ही कथा आली कोठून? तिचे गोत्र फार जुने नाही. अमेरिकन कथालेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग याने माद्रिद येथे राहून लिहिलेले कोलंबसाचे चरित्र १८२८ साली प्रसिद्ध झाले. कागदपत्रे त्याच्यासमोर होती, पण लेखणी कथाकाराची होती, आणि सालामांकाच्या सभेचे नाट्य त्याने असे रंगवले की, झगे घातलेल्या धर्मपंडितांपुढे एकटा उभा असलेला दर्यावर्दी वाचकांच्या मनात कायमचा ठसला. पुढे त्या शतकाच्या उत्तरार्धात धर्म आणि विज्ञान यांचा झगडा पेटला, तेव्हा १८७४ साली ड्रेपर आणि १८९६ साली व्हाइट यांच्या ग्रंथांनी या दृश्याला पुराव्याचा दर्जा मिळवून दिला. चालू भांडणासाठी जुना साक्षीदार हवा होता. तो उभा केला गेला.

सपाट पृथ्वी मानणारे ख्रिस्ती लेखक नव्हतेच, असे माझे म्हणणे नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियसने गोल पृथ्वीची थट्टा केली. पण कोपर्निकसने १५४३ साली आपल्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्याचे नाव घेतले ते, एरवी नामांकित लेखकही या विषयात पोरकट बोलतो, याचा नमुना म्हणून. सहाव्या शतकातील कॉस्मस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी. पुढे संन्यास घेऊन त्याने विश्व हे पेटीच्या आकाराच्या मंडपासारखे असल्याचा ग्रंथ रचला. या कॉस्मसचे आपल्याशी थोडे नाते आहे: ‘हिंदुस्थानची जलयात्रा केलेला’ अशा अर्थाची पदवी त्याच्या नावाला चिकटली आहे, आणि त्याच्या ग्रंथात कल्लियाना बंदराचा, म्हणजे अभ्यासकांच्या मते आपल्या कल्याणचा, उल्लेख येतो. इतका दूरचा मुलूख ठाऊक असलेला माणूस पृथ्वीला पेटीत कोंडतो आणि आयुष्यभर मठाबाहेर फारसा न पडलेला बीड तिला चेंडू म्हणतो, यावरून प्रवासाने आपोआप ज्ञान वाढते या सुभाषिताचाही फेरविचार करावा. पण कॉस्मसला मान किती होता? नवव्या शतकात ग्रीक धर्मपंडित फोशियसने त्याची रेवडी उडवली. पश्चिम युरोपातील लॅटिन वाचकांना तर तो ठाऊकच नव्हता, कारण त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये १७०६ साली उतरला. ज्याचा ग्रंथ पंडितांनी वाचलाच नव्हता, त्याच्या मताचे ओझे त्यांच्या डोक्यावर लादणे हा कोणता न्याय?

येथे आपल्यातल्याच एका दुसऱ्या पक्षाला, जो एव्हाना मनातल्या मनात सुखावला असेल, दोन शब्द ऐकवणे भाग आहे. “युरोपचे काय ते असो, आमच्याकडे तर ‘भूगोल’ हा शब्दच आहे,” असे हा पक्ष म्हणतो. आर्यभटाने पृथ्वीला कदंबाच्या फुलाची उपमा दिली, आणि भास्कराचार्याने ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात, परिघाचा अगदी लहान अंश डोळ्यांपुढे येत असल्यामुळे पृथ्वी सपाट भासते, असे नेमके कारण दिले, याचा अभिमान मलाही आहे. परंतु त्याच देशात, बहुधा त्याच घरात, मध्यभागी मेरू आणि भोवती सप्तद्वीपे व सप्तसमुद्र असलेली पुराणांतली पसरट पृथ्वीही नांदत होती, आणि भास्कराचार्याला तिचे खंडन करावे लागले ते ती कोणीतरी मानत होते म्हणूनच. आपल्याकडचे मोजताना सिद्धान्तग्रंथ घ्यायचे आणि युरोपचे मोजताना कॉस्मसची पेटी पुढे करायची, हा दोन मापांचा व्यवहार आहे. घ्यायचे एक आणि द्यायचे एक माप ठेवणाऱ्या वाण्याला आपण जे म्हणतो, तेच येथे म्हटले पाहिजे.

आता तिसरे कलम. कथा खोटी असली तरी धैर्य शिकवते, असे अध्यक्षमहाशयांचे म्हणणे. धैर्य कोलंबसाकडे होते, अपार होते. ते दाखवण्यासाठी एकाही पंडिताला मूर्ख ठरवण्याची गरज नाही. पण या कथेतून मुलगा जे शिकतो ते धैर्य नसून दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. पहिली, जो यशस्वी झाला त्याचेच म्हणणे खरे होते. वस्तुतः कोलंबस पोहोचला आणि तरीही त्याचा हिशेब खोटाच राहिला. दुसरी, आपल्या आधीच्या पिढ्या बावळट होत्या आणि शहाणपण आपल्यापासून सुरू होते. या समजुतीसारखे आळशी मनाला गोड लागणारे दुसरे काही नाही, कारण तिच्यासाठी कोणतेच पुस्तक उघडावे लागत नाही.

आणि ज्या पुरुषाला मुक्त जिज्ञासेचा अवतार म्हणून मुलांपुढे उभे केले जाते, त्याच्या चरित्रातील एक प्रसंग सभेत कधीच सांगितला जात नाही. दुसऱ्या सफरीत, जून १४९४ मध्ये, क्यूबाच्या किनाऱ्याने पश्चिमेकडे जाता जाता, हे बेट नसून आशियाचा मुख्य भूप्रदेशच आहे असे त्याने ठरवून टाकले. ते पडताळण्यासाठी आणखी पुढे जाण्याऐवजी त्याने गलबतांवरून दस्तऐवज करणारा लेखनिक फिरवला आणि प्रत्येक खलाशाकडून, ही मुख्य भूमीच होय, अशी शपथ लिहून घेतली. पुढे जो कोणी शब्द फिरवील त्याला दहा हजार मारावेदींचा दंड आणि जीभ छाटण्याची शिक्षा, असेही त्यात नमूद होते. क्यूबा बेट आहे. त्या खलाशांपैकी कोणाला तशी शंका आली असेल, तर ती त्याने जिभेच्या भयाने गिळली असेल.

आमच्या सभेत दंडही नव्हता आणि सुरीही नव्हती. फक्त हशा होता, आणि मुलगा खाली बसला. परिणामापुरते पाहिले तर दोन्ही ठिकाणी एकच घडले: एक बरोबर प्रश्न गप्प झाला. त्या मुलाने अगदी बारकाईने दोन गोष्टी जुळवून पाहिल्या होत्या, चित्राखालचे साल आणि चित्रातला गोळा, आणि त्या आम्ही सांगितलेल्या कथेशी जुळत नाहीत एवढेच तो म्हणाला होता. इतिहास लिहिणारा याहून निराळे काय करतो? दप्तरखान्यात बसलेला संशोधक दोन कागद शेजारी ठेवून, हे एकमेकांशी का जुळत नाहीत, असेच विचारत असतो, आणि ज्याला अध्यक्षमहाशय पालापाचोळा म्हणतात त्याच्याच खताने ते अंगण पिकते.

म्हणून त्यांच्या पत्राच्या उत्तरादाखल माझी एवढीच विनंती आहे की, पुढच्या उत्सवालाही त्यांनीच यावे, गोष्ट कोलंबसाचीच सांगावी, आणि ती सांगून होताच त्या मुलाला उभे करून आपल्या तोंडाने म्हणावे, “बाळ, गेल्या वर्षी तू गोळ्याविषयी काही विचारलं होतंस, पुन्हा विचार.”